सिकलसेल एसएस आहे आणि नोकरीपण करायची आहे? मग हे आधी वाचा

हे लिहून राहिली ते आपल्या इकडच्या पोट्ट्या-पोट्टींसाठी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नाहीतर तिकडे मेळघाट, कुठलेही असा, फाइलमध्ये एसएस पॅटर्नचा, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार असल्याचा रिपोर्ट आहे आणि डोक्यात तलाठी, नर्सिंग, बँक, मास्तरकी असं काहीतरी घोळून राहिलं आहे, त्यांच्यासाठी. मी स्वतः एसएस आहे, ब्रह्मपुरीकडची, राइस मिलमध्ये अकाउंट पाहते आणि संध्याकाळी गावातल्या पोरांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, त्यामुळे कोण कुठे अडकते ते रोजच दिसते. डॉक्टर मी नाही. गोळ्या-औषधाचं तुमच्या डॉक्टरलाच विचारा, मी बोलते ते शिक्षण, परीक्षा, कागदपत्रं आणि कामाचं.

पहिले हे पाहा की तुमची नेमकी कोणती टेस्ट झाली आहे. शाळेत कॅम्प येते, बोटातून रक्त घेतात, सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह असा कागद देतात आणि घरी रडारड सुरू, पोरीले सिकलसेल निघाला म्हणून. अरे बाप्पा, त्या टेस्टनं फक्त एवढंच कळते की रक्तात सिकलवालं हिमोग्लोबिन आहे. तुम्ही एएस म्हणजे वाहक आहात का एसएस म्हणजे रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी ही रक्ताची दुसरी टेस्ट केल्यावरच कळते. २०२३ च्या जुलैपासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन चालू आहे, त्यात तपासणी फुकट होते, पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, आशाताईला विचारा. एएस असणाऱ्याला रोजच्या जगण्यात सहसा काही त्रास नसते, पोलीस भरती पण मारता येते, फक्त कडक उन्हात पाणी न पिता जीव तोडून पळणं त्यांच्यासाठी पण धोक्याचं आहे, तेवढं ग्राउंड घेणाऱ्या सरांना सांगून ठेवा. इथून पुढचं सगळं एसएसवाल्यांसाठी.

काम निवडताना एकच प्रश्न

लोक विचारतात तुले काय आवडते, पगार किती, पर्मनंट आहे का. आपण अजून एक विचारायचं: मी आठ दिवस दवाखान्यात भरती झाली तर या कामाचं काय होते? चांगल्या दिवसांवर करियर ठरवू नका. चांगल्या दिवशी आपण सगळंच करू शकतो, धान पण रोवू शकतो आणि नागपूरला जाऊन-येऊन क्लास पण करू शकतो. काम टिकते का नाही हे वाईट आठवड्यात ठरते.

या प्रश्नाला कामं तीन प्रकारची निघतात. काही कामं तुमच्यासाठी थांबून राहतात: हिशोब, टॅली, डेटा एन्ट्री, शिलाई, टायपिंग, घरून करायचं कॉम्प्युटरचं कोणतंही काम. चार दिवस उशीर झाला तर मालक कुरकुर करते पण काम कुठे पळून जात नाही. काही कामं दुसरं कोणी सांभाळून घेते: बँक, शाळा, पॅथॉलॉजी लॅब, मेडिकल स्टोअर, सरकारी ऑफिस, जिथे चार माणसं आहेत आणि सुटीचा नियम आहे. आणि काही कामं पूर्ण तुमच्या अंगावर उभी असतात, तुम्ही बसले की काम बसलं, किंवा कामच असं की त्यानंच तुम्ही बसणार: पोलीस, वनरक्षक, डिलिव्हरी, साइटवरची सुपरवायझरी, भट्टीजवळचं काम, रात्रपाळीचं ड्रायव्हिंग.

कारण आपलं रक्त. ऑक्सिजन कमी पडला, अंगातलं पाणी कमी झालं की लाल पेशी वाकड्या आणि कडक होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, पुढे रक्त जात नाही आणि मग ते हाडातलं दुखणं ज्याला सिकलवाला सोडून कोणाला सांगून समजत नाही. पाणी कमी पडणं, एकदम थंडी लागणं, ताप, दम निघेपर्यंत मेहनत, जागरण, हे पाच आपले दुश्मन. आता कोणत्याही नोकरीची जाहिरात हातात घ्या आणि या पाचांपैकी किती त्यात बसलेत ते मोजा.

पोलीस भरतीचं वेगळं बोलावंच लागते कारण आपल्याकडे दर गावात सकाळी पाच वाजता रस्त्यावर पोट्टे पळताना दिसतात आणि त्यात एखादा एसएसवाला असतोच, जो कोणाला सांगत नाही. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, आणि वनरक्षकाला तर मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३. एसएस असेल तर याचा नाद सोडा, मी गोड करून सांगत नाही. आणि समजा ग्राउंड निघालं तरी पुढची नोकरी बंदोबस्ताची आहे, मे महिन्यात चंद्रपूरच्या चौकात ४५ डिग्रीत उभं राहायची. वर्दीच्या आसपासच राहायचं असेल तर वनविभागात लेखापालाच्या जागा निघतात, पोलीस ऑफिसात पण बाबू लोक असतात, एमपीएससीतून लिपिक-टंकलेखक होता येते. त्यासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिटचं टायपिंग सर्टिफिकेट लागते, ते बसून होते, तालुक्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये होते, आणि एक बॅच दुखण्यात गेली तर पुढच्या बॅचला परीक्षा देता येते.

नर्सिंगचं पोरी फार विचारतात. जमते, करणाऱ्या आहेत, पण नाइट ड्यूटी, तासन् तास उभं राहणं आणि वॉर्डातलं इन्फेक्शन हे तिन्ही आपल्याला महागात पडतात. दवाखान्याच्याच लाइनमध्ये जायचं असेल तर डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) नाहीतर फार्मसी माझ्या मते जास्त बरं. मास्तरकी चांगली, बोलायचं काम, सुट्या आहेत, फक्त पहिली पोस्टिंग लांबच्या गावात मिळाली तर जवळचा दवाखाना किती दूर हे पाहूनच पसंतीक्रम टाका. आणि स्वतःचं सेवा केंद्र किंवा मोबाइल रिपेअरिंगचं दुकान टाकायचं असेल तर एकट्यानं टाकू नका, भाऊ, बहीण, वहिनी, कोणीतरी तेच काम शिकलेलं पाहिजे, कारण शटर चार दिवस बंद दिसलं की गिऱ्हाईक शेजारच्याकडे जाते आणि परत येत नाही.

ग्रॅज्युएशन राहून गेलं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून चालू आहे, तालुक्याच्या कॉलेजात त्याचं सेंटर असते. डिग्री स्पर्धा परीक्षेला चालते, रोज हजेरीचं टेन्शन नाही. काही लोक नाक मुरडतात मुक्त विद्यापीठ म्हणून, मुरडू द्या.

कागदपत्रं, इथेच सगळे फसतात

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहेत आणि त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलियासोबत सिकलसेल पण आहे. म्हणजे तुम्ही यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगाच्या सरकारी ओळखपत्रासाठी अर्ज करू शकता. अर्ज ऑनलाइन स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी दवाखान्यात, बहुतेक जिल्हा सामान्य रुग्णालयात, ठरलेल्या वारी. तिथे नुसता एसएसचा रिपोर्ट घेऊन जाऊ नका. टक्केवारी ठरते ती तुम्हाला किती त्रास होते यावरून, किती वेळा भरती झाले, किती वेळा रक्त चढलं, हाडाला, डोळ्याला, किडनीला काही झालं का. याचा पुरावा म्हणजे डिस्चार्ज कार्ड. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डाचं काय होते माहीत आहे ना, घरी आलं की टीव्हीमागे, मग पावसात भिजलं, मग गेलं. आजपासून प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये आणि झेरॉक्स फाइलमध्ये, तारखेच्या क्रमानं. रक्त चढवलं त्याची चिठ्ठी पण ठेवा.

आता मेन गोष्ट, जी ऐकून पोरांचा चेहरा उतरतो. ४० टक्के किंवा वरचं सर्टिफिकेट निघालं म्हणजे सरकारी नोकरीत दिव्यांग कोट्यातून जागा मिळेल असं सगळ्यांना वाटते. नाही मिळत. कायद्यात नोकरीचं ४ टक्के आरक्षण कलम ३४ मध्ये आहे आणि त्यात दृष्टी, श्रवण, चालण्या-फिरण्याचं, ऑटिझम-मानसिक-बौद्धिक असे गट लिहिलेले आहेत, रक्ताचे आजार त्या यादीत नाहीत. हे अन्यायाचं आहे असं मला पण वाटते, पण फॉर्म भरताना कायद्यात काय लिहिलं आहे तेच चालते. दिव्यांगच्या रकान्यात चुकीचा प्रकार टिक करून पुढे कागदपत्रं तपासणीत बाद झालेले पोट्टे मी पाहिले आहेत, दोन-दोन वर्षांचा अभ्यास पाण्यात.

पण दोन दरवाजे उघडे आहेत. एक, शिक्षण. कलम ३२ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये ४० टक्के किंवा वर असलेल्या सगळ्याच दिव्यांगांना, म्हणजे सिकलवाल्यांना पण, किमान ५ टक्के जागा आहेत आणि वयात ५ वर्षांची सूट आहे. बारावीनंतरच्या ॲडमिशनला याचा फायदा घेणारे फार कमी, कारण तोवर कार्डच निघालेलं नसते. म्हणून कार्ड दहावीत असतानाच काढायला टाका. दुसरा दरवाजा म्हणजे खुबा. एसएसमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद होऊन ते हाड खराब होऊ शकते, डॉक्टर त्याला एव्हीएन म्हणतात. तसं काही झालं असेल, लंगडत चालत असाल, तर चालण्या-फिरण्याच्या दिव्यांगत्वाची वेगळी तपासणी मागा. त्यात टक्के बसले तर मग तुम्ही नोकरीच्या कोट्यात येता. अनेकांचा खुबा खराब असते आणि कार्डावर फक्त सिकलसेल लिहिलेलं असते, काहून तर कोणी सांगितलंच नाही.

जातीचं आरक्षण तर आहेच, ते वेगळं चालते, आणि कोचिंगसाठी बार्टी, टीआरटीआय, महाज्योती या सरकारी संस्था आहेत. त्यातलं महाज्योती आपल्या नागपूरलाच आहे, त्यांच्या फुकट कोचिंगच्या जाहिराती पाहत राहा.

बाकी छोट्या सवलती पटपट सांगते. दहावी-बारावीच्या पेपरला दर तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, पण ते शाळेमार्फत बोर्डाकडे आधी कळवावं लागते, परीक्षेच्या दिवशी मागून भेटत नाही, मुख्याध्यापकांना फॉर्म भरतानाच सांगा. एसटीत सिकलसेल रुग्णाला प्रवासाची सवलत आहे, कोणता कागद चालते ते डेपोत विचारून घ्या. सरकारी रक्तपेढीत रक्त फुकट आहे. तहसीलमध्ये संजय गांधी निराधारचा अर्ज टाकता येते, पैसे थोडे, पण फॉर्मच्या फीचे आणि येण्या-जाण्याचे निघतात. १९ जूनला सिकलसेल दिनाची रॅली निघते, भाषणं होतात, फोटो होतात, मी त्याला हसत होती, पण त्या दिवशी साहेब लोक एका जागी भेटतात, अडकलेला कागद घेऊन तिथेच जाऊन उभं राहा.

लेखनिक आणि जास्त वेळ याबद्दल अजून एक. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या केसमध्ये सांगितलं की लिहायला अडचण असेल तर ४० टक्क्यांचं सर्टिफिकेट नाही म्हणून लेखनिक नाकारता येत नाही, आणि मग २०२२ मध्ये केंद्रानं तशा गाइडलाइन काढल्या. हात-खांद्याच्या दुखण्यानं खरंच लिहिणं होत नसेल तर डॉक्टरकडून तसं लिहून घ्या आणि जाहिरातीत दिलेल्या नमुन्यातच घ्या. साध्या लेटरहेडवरचं कोणी वाचत नाही.

अभ्यास आणि परीक्षेचा दिवस

टाइमटेबल बनवताना महिन्यातला एक आठवडा मुद्दाम रिकामा ठेवा. दुखणं आलं तर तो आठवडा दुखण्याचा, नाही आलं तर रिव्हिजनचा. असं नाही केलं तर काय होते, चार दिवस आजारी पडलं की पूर्ण टाइमटेबल मागे पडते, मग भरून काढायला रात्री जागरण, मग जागरणानं परत दुखणं, आणि मग हे आपल्याच्यानं होत नाही म्हणून पुस्तकं रद्दीत. पडून-पडून करायचा अभ्यास वेगळा काढून ठेवा, चालू घडामोडी ऐकायच्या, जुने प्रश्न मोबाइलवर पाहायचे. गणित आणि बुद्धिमत्ता चांगल्या दिवशी. आणि ऑनलाइन फॉर्म शेवटच्या तारखेवर कधीच ठेवू नका, त्या दिवशी सर्व्हर पण झोपते आणि आपण पण.

हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर परीक्षेच्या महिन्यात 'गोळीनं डोकं जड होते' म्हणून मनानं बंद करू नका. ती दुखणं आल्यावर घ्यायची गोळी नाही, दुखणी कमी यावी म्हणून रोज घ्यायची आहे, असर दिसायलाच काही महिने जातात, आणि अधूनमधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची टेस्ट करावी लागते. ती सीबीसी परीक्षेच्या आधी उरकून घ्या.

अभ्यासिकेत उन्हाळ्यात कूलरसमोरची जागा सगळ्यांना पाहिजे असते. आपण ती घ्यायची नाही. घामेजल्या अंगावर कूलरचं गार वारं म्हणजे दुखण्याला आवतण. भिंतीकडच्या पंख्याखाली बसा, घामानं भिजलेलं ओलं शर्ट बदला, पाण्याची बाटली टेबलावरच पाहिजे. पाणी किती प्यायचं ते डॉक्टरला विचारून घ्या, पण तहान लागायची वाट पाहू नका.

आता पोरींचं सांगते, कारण हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेलं नसते. परीक्षा नागपूरला, सकाळी अंधारात पहिली गाडी. पाणी प्यायलं की बाथरूम लागते, बस स्टँडचं बाथरूम कसं असते ते तुम्हाला माहीत आहे, मधात ड्रायव्हर गाडी थांबवत नाही, थांबवली तरी पूर्ण गाडी पाहून राहते, म्हणून पोट्टी सकाळपासून घोटभर पाण्यावर. त्यात एसएसवाल्यांची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, म्हणजे तुम्ही पाणी कमी प्या का जास्त, लघवीवाटे पाणी जातच राहते. वरून मे महिना. सेंटरवर गेटबाहेर उन्हात लाइन, आत एसी इतका की बोटं गार. पेपर सुटतो तोवर ओठ कोरडे पडलेले असतात, परतीच्या गाडीत पिंडऱ्या दुखायला लागतात आणि रात्री घरी पोचल्यावर आई म्हणते टेन्शन घेतलं असशील म्हणून दुखून राहिलं. टेन्शन नाही माय, दिवसभर पाणी नाही.

म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशीच जा, मावशीकडे, मैत्रिणीच्या रूमवर, कुठेपण, पण सकाळचा प्रवास टाळा. सेंटरचा पर्याय देताना नागपूर मोठं आहे म्हणून नागपूर टाकू नका, चंद्रपूर-गडचिरोली मिळत असेल तर तेच टाका. पाणी प्या आणि लाज सोडा, पेट्रोल पंपावर, हॉटेलात, दवाखान्यात बिनधास्त बाथरूम विचारा. सेंटरवर पोचल्या-पोचल्या सुपरवायझरला कार्ड दाखवून सांगा की मला मधात जावं लागेल, दाराजवळची जागा द्या. पेपर सुरू झाल्यावर सांगितलं तर त्यांना संशय येते, आधी सांगितलं तर बहुतेक ऐकतात. एसीसाठी आतून पूर्ण बाह्यांचं साधं बनियन किंवा थर्मल घाला, कारण खिशाचं जॅकेट बऱ्याच ठिकाणी काढायला लावतात, हॉलतिकीटवरचे ड्रेसचे नियम वाचून जा. डिसेंबर-जानेवारीचा सकाळचा पेपर असेल तर मोजे आणि कान झाकायचा स्कार्फ गेटपर्यंत तरी ठेवा.

घरचे आणि साहेब

घरी भांडण कशावरून होते, रोवणीवरून. आषाढात दिवसभर गार चिखलात उभं राहून वाकायचं काम, वरून पाऊस, आणि एक माणूस कमी पडला तर मजुरी बाहेर जाते. मग आजी म्हणते, पुस्तक घेऊन बसते तर काही दुखत नाही, वावरात चल म्हटलं की सोंग करते. यावर चिडून उपयोग नाही. त्यांना पुढच्या तपासणीला डॉक्टरसमोर नेऊन बसवा, डॉक्टरच्या तोंडून ऐकलेलं वेगळं असते. आणि वावराचं बसून होणारं काम आपणहून अंगावर घ्या: मजुरांचा हिशोब, पीक विम्याचा फॉर्म, धान खरेदी केंद्राची नोंदणी, बँकेची कामं. हे मी समाजसेवा म्हणून नाही सांगत, हाच तुमचा पहिला अनुभव आहे, मला मिलमधलं काम यातूनच भेटलं.

प्रायव्हेट नोकरीत सिकलसेलचं सांगायचं का नाही? माझं मत, सिलेक्शन झाल्यावर, जॉइन व्हायच्या आधी सांगा. मुलाखतीत पहिलंच वाक्य हे नको आणि पहिल्यांदा भरती झाल्यावर दवाखान्यातून फोन करून पण नको. रडका सूर नको, सोबत उपाय पाहिजे. असं काहीतरी: 'सर, मला सिकलसेल आहे, जन्मापासून आहे, कोणाला लागत नाही. कधीकधी दुखणं येऊन दोन-चार दिवस भरती व्हावं लागते. त्या दिवसांत काम अडू नये म्हणून मी रोजची एन्ट्री रोज संपवते आणि फाइल कुठे आहे ते एकाला सांगून ठेवते. मला फक्त एसीच्या समोरून जागा बदलून द्या आणि पाण्याची बाटली टेबलावर ठेवू द्या.' 'कोणाला लागत नाही' हे सांगाच, लोकांच्या मनात पहिले तेच येते, विचारत नाहीत फक्त. सरकारी नोकरीत तर कायद्याच्या कलम २० प्रमाणे दिव्यांगत्वावरून भेदभाव करता येत नाही आणि कामाच्या ठिकाणी गरजेची सोय करून द्यावी लागते, अर्ज लेखी द्या आणि आवक नंबर घ्या.

पगाराचं बोलताना अजून एक गोष्ट पाहा, ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, त्याचे पैसे कापते का? १० किंवा जास्त माणसं असलेल्या फॅक्टरीत-दुकानात, महिना २१,००० पर्यंत पगार असणाऱ्यांना हे लागू होते, दिव्यांग असाल तर मर्यादा २५,००० आहे. पगारातून कापतात फक्त ०.७५ टक्के. बदल्यात उपचार आणि आजारपणाच्या सुटीत ७० टक्के पगार, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, फक्त त्याआधीच्या सहा महिन्यांच्या हप्त्यात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली पाहिजे. आपल्यासारख्याला तर हे पगाराएवढंच मोठं आहे. एक जण दीड-दोन हजार जास्त देते पण हातात नगदी, कागदावर काहीच नाही, आणि दुसरा कमी देते पण ईएसआयसी भरते, तर मी दुसऱ्याकडे जाईन. इंटरव्ह्यूत विचारायची लाज वाटत असेल तर तिथे काम करणाऱ्या कोणाला चहावर विचारा.

कामावर एक माणूस असा पाहिजे ज्याला धोक्याच्या खुणा माहीत आहेत: १०१ च्या वरचा ताप, छातीत दुखणं, श्वास लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, पोट एकदम फुगणं, पोरांमध्ये तास-तास न उतरणारं लिंगाचं ताठरणं, जे पोट्टे शरमेनं कोणालाच सांगत नाहीत आणि कायमचं नुकसान करून घेतात. यातलं काहीही झालं तर घरी जाऊन पडायचं नाही, १०८ ला फोन आणि सरळ मोठ्या दवाखान्यात. नुसतं हातापायाचं नेहमीचं दुखणं असेल तर भरपूर पाणी, गरम शेक, डॉक्टरनं सांगून ठेवलेली गोळी आणि आराम, आणि थांबलं नाही तर दवाखाना. डोळे वर्षातून एकदा दाखवा, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांनी तर नक्कीच, एसएसमध्ये पडद्याला त्रास होऊ शकते आणि सुरुवातीला कळत नाही. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर सिकलसेल एसएस, ब्लड ग्रुप, चालू गोळ्या आणि घरच्या दोन जणांचे नंबर टाकून ठेवा, दोन यासाठी की एकाचा फोन वावरात नेहमी कव्हरेजच्या बाहेर असते.